नाव दाखल : एका शब्दाचा सामाजिक इतिहास

‘एनरोलमेंट’ हा इंग्रजी शब्द आता कॉलेजच्या खिडकीपासून निवडणूक कचेरीपर्यंत सगळीकडे रुळला आहे. सरकारी मराठीने त्याला ‘नोंदणी’ म्हटले. शिक्षण खात्याने ‘पटनोंदणी’ म्हटले. आमच्या वस्तीत मात्र असे कोणी बोलत नाही. आई म्हणते, “पोराला साळंत घातलं.” बाप म्हणतो, “नाव घातलं.” गुरुजी म्हणतात, “नाव दाखल केले.” पोरगे महिनाभर फिरकले नाही की गुरुजी पटावरून “नाव कमी” करतात. तेच पोरगे पुढे शिकून नोकरीला लागले तर सगळी वस्ती म्हणते, “पोरानं नाव काढलं.” आणि चौथीतून उठून शेळ्यांमागे गेले तरीही म्हणतात, “साळंतनं नाव काढलं.” मोठेपणाला आणि शाळा सुटण्याला आमच्या बोलीत एकच शब्दप्रयोग आहे. ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट मला वाटत नाही. यादीत नाव असण्या-नसण्याशी दलित समाजाचे जे नाते आहे, ते या साध्या बोलण्यात साठून राहिले आहे.

प्रथम शब्द पाहू. इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘रोल’ आहे, म्हणजे गुंडाळी करून ठेवलेली यादी. आपला ‘पट’ हाही मुळात कापडाचा. पुढे ज्यावर लिहावे, चितारावे तो पट झाला. ‘हजेरी’ हा शब्द ‘हजर’पासून आला. आणि ‘दाखल’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ आत शिरणे, प्रवेश करणे. माणूस दवाखान्यात दाखल होतो, फिर्याद कोर्टात दाखल होते, फौज शहरात दाखल होते. त्याच मुळातून ‘दाखला’ निघाला. म्हणजे शब्दाच्या हिशेबाने ज्याचे नाव दाखल झाले तो आत आला. आमच्या बाबतीत मात्र या शब्दाने आपला अर्थ पाळला नाही. नाव आत गेले आणि माणूस पडवीत राहिला, असे कितीतरी वेळा घडले. नाव आणि माणूस यांच्यामधले हे अंतर कसे पडले आणि ते तोडण्यासाठी कोणी काय केले, हाच या लेखाचा विषय आहे.

गावगाड्याला आमची नावे लिहून ठेवण्याची फारशी गरज नव्हती. येसकराची पाळी कोणाची, मेलेले ढोर कोणी ओढायचे, सांगावा घेऊन कोणी धावायचे, हे जातीने ठरलेले होते. काम जातीला सांगितले जाई, माणसाला नव्हे. अशा व्यवस्थेत यादी नसते. असलीच तर हक्काची नसते, राबणुकीची असते. माणूस म्हणून, स्वतःच्या नावाने, ठरलेल्या पगारासह महाराची नोंद मोठ्या प्रमाणावर झाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत. इंग्रजीतही नाव नोंदवणे म्हणजे फौजेत भरती होणे हा या शब्दाचा एक ठळक अर्थ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार नावे आहेत. ही फौज परक्या सत्तेची होती आणि तिने आपल्या गरजेपोटी ही माणसे घेतली, हे खरेच आहे. पण ज्यांची नावे गावाने तोंडाने नीट घेतली नाहीत, ती दगडावर कोरली गेली, हेही तितकेच खरे आहे.

हे नाव पुढे पुसले कसे गेले तेही पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धान्त डोक्यात घेतला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्यांच्या तीन-तीन पिढ्यांनी पलटणीत चाकरी केली होती त्यांना आता ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे सांगण्यात आले. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीने भरती पुन्हा सुरू करण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महारांचा अर्ज थेट भारतमंत्र्यांकडे गेला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. या पन्नास वर्षांत शौर्य कमी-जास्त झाले नव्हते. गरज लागली की नाव घालायचे आणि गरज सरली की नाव कमी करायचे, एवढाच तो हिशेब होता. ज्याच्या हातात पट, त्याच्या हातात माणसाची लायकी ठरवण्याचा अधिकार, हे आमच्या आजोबा-पणजोबांना या काळात कळले. अस्पृश्यांचे सुरुवातीचे सामुदायिक अर्ज भरतीसाठी व्हावेत यामागे हेच कारण आहे.

फौजेने आणखी एक गोष्ट दिली. पलटणीत शाळा होत्या. रामजी सुभेदार अशाच शाळेत शिकले आणि पुढे महूच्या लष्करी शाळेत त्यांनी शिकवले. एका पटावरचे नाव पुढच्या पिढीला दुसऱ्या पटाकडे घेऊन गेले.

आता शाळेच्या पटाकडे येऊ. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आत बसू दिले की तीन वर्षांत काय घडते, याचा हा छापील पुरावा होता. त्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १८५६ च्या जूनमध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नकार दिला. मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने काय उत्तर दिले? तात्त्विक न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य. पण शतकानुशतकांचा समज एका मुलासाठी मोडायला गेले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. म्हणून हस्तक्षेप करता येत नाही. कलकत्त्याच्या सरकारला हे पटले नाही. बंगालमधील सरकारी शाळेत अशा मुलाला नकार मिळाला नसता, असे त्यांनी १८५७ साली कळवले. १८५८ साली लंडनच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे तत्त्व सांगितले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणावर जे निवेदन दिले, त्यात हे प्रकरण सविस्तर आहे. त्यात तो मुलगा ‘एक महार मुलगा’ एवढाच येतो. तीन सरकारे ज्याच्या अर्जावर दोन वर्षे पत्रव्यवहार करतात, त्याची ओळख त्याची जात. धारवाडच्या पटावर त्याचे नाव लागले असते तर आज आपण ते नाव घेतले असते.

तत्त्व मान्य झाले, पण दार उघडले का? १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी स्वच्छ सांगितले की महार, मांग आणि इतर खालच्या मानलेल्या जाती सवर्ण मुलांशेजारी बसू दिल्या जात नाहीत, म्हणून व्यवहारात त्या शाळांबाहेरच आहेत. आकडे हेच बोलतात. बाबासाहेबांच्या निवेदनात १८८१-८२ सालचे कोष्टक आहे. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांत अस्पृश्य मुले २,८६२, म्हणजे एकूण मुलांत शेकडा एकाहूनही कमी. माध्यमिक वर्गांत १७. हायस्कुलात एकही नाही. कॉलेजात एकही नाही. संचालक मंडळाच्या तत्त्वाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती.

म्हणून सातारच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरातील एका ओळीला महत्त्व आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव लिहिले गेले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून ठरवला आहे आणि तो पाळला पाहिजे. पण पाळताना दुसरी बाजू झाकू नये. नाव दाखल झालेला हा मुलगा घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसे. नळाला त्याला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, नाही तर तहान. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. रजिस्टरात बसण्याच्या जागेचा रकाना नसतो आणि पाण्याचाही नसतो. त्यामुळे १९१४ क्रमांकाची नोंद एखाद्या तपासनिसाने पाहिली असती तर त्याला सर्व काही ठीकच दिसले असते.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींना हा फरक कळला होता. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांच्या शाळेत त्यांना घेण्याचा हुकूम काढला. नुसती पटसंख्या वाढवायची असती तर वेगळ्या शाळा सोयीच्याच होत्या. त्यांनी बसण्याची जागा बदलली.

पुढे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला झाला. तळ्याचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो, सभागृहातला हा हिशेब मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. मला हे दोन्ही एकाच लढ्याचे भाग वाटतात. पाणी कायद्याने सर्वांचे होते, पण पिता येत नव्हते. शाळाही कायद्याने सर्वांची होती, पण टिकता येत नव्हते. किती मुले आत गेली एवढेच मोजू नका, किती शिकून बाहेर पडली ते मोजा, असा त्या भाषणाचा रोख होता.

यादीची आणखी एक जात आहे आणि तिच्याविषयी बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ज्या काळात आम्ही शाळेच्या आणि फौजेच्या पटासाठी अर्ज करत होतो, त्याच काळात पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींना एका पटावर जबरदस्तीने चढवले जात होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली सुधारून देशभर लागू करता येईल असा केला आणि १९२४ साली तो एकत्रित केला. त्याखाली माणसांची नोंदणी होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या आत वस्त्या झाल्या. शाळेतली ‘हजेरी’ ज्या मुलाला मिळत नव्हती, त्याच्या बापाची ‘हजेरी’ पोलीस रोज घेत होते. शब्द एकच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. संशयाची यादी मात्र अनेक ठाण्यांच्या मनात राहिली. म्हणून कुठलीही नोंदणी ही आपोआप प्रगतीच असते, असे मी मानत नाही. नोंद कोण करतो, कशासाठी करतो आणि नावापुढे काय लिहितो, हे तीन प्रश्न प्रत्येक यादीला विचारले पाहिजेत.

‘नावापुढे काय लिहितो’ हा प्रश्न १९५६ नंतर घराघरांत आला. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. १९५१ च्या खानेसुमारीत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. मोजणीदारापुढे बसून “बौद्ध लिहा” असे सांगणाऱ्या इतक्या माणसांचे हे सामुदायिक बंड होते. पण त्याला किंमत मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध म्हणून नोंद झालेला माणूस अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींतून बाहेर पडत होता. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राने आदेश दुरुस्त केला तो १९९० साली. मधल्या तीन दशकांत अनेक घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शाळेच्या रजिस्टरात ‘हिंदू महार’ अशी परिस्थिती होती. काही बापांनी पोराच्या शिक्षणासाठी तसे लिहू दिले, काहींनी सवलत सोडली आणि ‘बौद्ध’ लिहिले. मी दोघांनाही दोष देत नाही. ज्या रकान्याने माणसाला भाकरी आणि अस्मिता यांतून एकच निवडायला लावले, दोष त्या रकान्याचा आहे.

मी बरीच वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. जनरल रजिस्टर हा शाळेतला सर्वांत जाड आणि सर्वांत जपलेला दस्तऐवज. छप्पर गळू लागले की आधी तो हलवायचा. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत माणसे येतात. आजोबाचे नाव सापडले की बोट ठेवून पाहतात, कित्येकांना वाचता येत नाही तरीही. या रजिस्टराने आमच्या माणसांना काही दिलेही आहे. गावात ज्याला ‘ये कोंड्या’ अशी हाक, तो इथे कोंडिबा, बापाच्या नावासह, आडनावासह. वस्तीतील कित्येकांना आडनाव शाळेच्या उंबऱ्यावरच मिळाले. जन्मतारखेचा रकाना पाहिला तर १ जूनची रांग लागलेली दिसते. आईला तारीख सांगता येत नसे, “मोठ्या पुराच्या साली झाला” एवढे सांगे. शाळा जूनमध्ये उघडे, वय बसले पाहिजे. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. एका अख्ख्या पिढीचा जन्म शाळेच्या सोयीने झाला आहे.

पण रजिस्टराचे डावे पान वाचून थांबू नये. उजव्या बाजूला ‘शाळा सोडल्याची तारीख’ आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ असे रकाने असतात. तिथे ‘सतत गैरहजर’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. हे कारण नव्हेच; हा परिणाम आहे आणि त्याचा ठपका मुलावर आहे. गैरहजर का, हे लिहायला जागा नाही. आई मजुरीला गेली म्हणून धाकटे भावंड काखेत घेऊन बसलेली मुलगी तिथे सतत गैरहजर. दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊस तोडायला गेलेला मुलगा सतत गैरहजर. मराठवाड्यात आम्ही शिक्षक आपसात म्हणायचो, नाव पटावर आणि पोर फडावर. वर्गातल्या अपमानाला कंटाळून न येणारा मुलगाही सतत गैरहजरच. शाळेने मुलाला सोडले, असा पर्याय त्या रकान्यात नाही.

उलट जिथे पटावर अनुदान अवलंबून असते तिथे नाव कमीच होत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीस आली. एकेकाळी आमची मुले दारात उभी होती आणि पटावर नव्हती. आता पटावर होती आणि दारातच नव्हती. दोन्ही वेळा फायदा पट राखणाऱ्याचा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता या तिन्ही गोष्टी सरकारचे कर्तव्य ठरवल्या आहेत. कायद्याने निदान शब्दाचा पुरा अर्थ ओळखला. पण अहवालांच्या मथळ्यावर आजही पहिलाच आकडा असतो.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक सूचना आहे. आपल्या गावच्या शाळेचे जुने रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने घेऊन बसा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे एक साल निवडा. वस्तीतली किती नावे पहिलीत दाखल झाली, त्यांत मुली किती, चौथीला किती उरली, सातवीला किती, आणि शेवटच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे उतरवून घ्या. नावे जाहीर करू नका, आकडे करा. मग त्यांतील जी माणसे हयात आहेत त्यांच्याकडे जा आणि ‘सतत गैरहजर’ म्हणजे नेमके काय झाले होते, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. त्यानंतर याच वर्षीच्या पटावर तोच हिशेब करा. विद्यार्थ्यांना हे काम एका सुट्टीत जमेल. १९२७ साली सभागृहात अठरा आणि ब्याऐंशीचा हिशेब एका माणसाने मांडला होता. आता तो गावागावात मांडता येईल इतके शिकलेले लोक आपल्यात आहेत. आपल्या वस्तीचा इतिहास बाहेरून कोणी येऊन लिहील याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याची पहिली पाने शाळेच्या कपाटात आहेत.